घड्याळ म्हणाले, शहाऐंशी!

भौतिकशास्त्र शिकविणाऱ्या माणसाकडे शेजारीपाजारी दोन कामांसाठी येतात. एक म्हणजे दहावीतल्या मुलाचे गणित अडले की, आणि दुसरे म्हणजे घरात नवीन यंत्र आले की. "सर, हे चांगलं आहे का हो?" हा प्रश्न मी गिरगावातल्या आमच्या चाळीत गेली वीस वर्षे ऐकत आलो आहे. पूर्वी तो पाण्याच्या फिल्टरबद्दल किंवा नव्या दिव्याबद्दल असे. आता तो पावले मोजणाऱ्या घड्याळाबद्दल, मोबाईलवरच्या नकाशाबद्दल, आणि विचाराल त्याचे उत्तर लिहून देणाऱ्या संगणकी सहायकाबद्दल असतो. खरे सांगायचे तर मी या वस्तूंचा तज्ज्ञ नव्हे. चारचौघांसारखाच मी त्या वापरतो. त्यामुळे बरीच वर्षे माझे एक ठरलेले उत्तर असे : "स्वस्त असेल तर घ्या, महाग असेल तर सहा महिने थांबा." या उत्तरात फारसा अर्थ नाही, हे मला गेल्या जानेवारीत कळून आले.

लालबागला माझे मामा राहतात. वय त्र्याहत्तर. १९८२ च्या संपापर्यंत ते गिरणीत साचेखात्यात होते. गिरणगावात मागांना साचे म्हणत. त्या खडखडाटात त्यांचे कान थोडे गेले, बाकी प्रकृती ठणठणीत आहे. माझ्या मामेभावाने दिवाळीत त्यांना एक मनगटी घड्याळ भेट दिले. ते पावले मोजते, नाडी मोजते, झोप मोजते आणि रक्तातला प्राणवायूही मोजते, असे खोक्यावर छापलेले होते. जानेवारीतल्या एका रात्री दोनच्या सुमारास ते थरथरू लागले. मामांना जाग आली नाही, पण शेजारी झोपलेला त्यांचा नातू जागा झाला. तो नववीत आहे. घड्याळाच्या पडद्यावर लाल आकडा होता : ८६.

२०२१ सालचा उन्हाळा ज्यांना आठवतो त्यांना या आकड्याचा अर्थ सांगावा लागत नाही. ९४ च्या खाली गेले की काळजी, ९० च्या खाली गेले की धावपळ, हे तेव्हा घराघरांत पाठ झाले होते. नातवाने मोबाईलवरच्या सहायकाला विचारले, "आजोबांचा ऑक्सिजन ८६ आहे, काय करू?" त्याने शुद्ध मराठीत सांगितले की ही पातळी धोकादायक असू शकते, ताबडतोब वैद्यकीय मदत घ्यावी. पोराने घर उठवले. मामा म्हणाले, "अरे, मला काही होत नाहीये." त्यांना धाप लागलेली नव्हती, ओठ निळे नव्हते. पण आकडा समोर होता. चाळीतले चारजण जमले, टॅक्सी आली, आणि मामांना जवळच्या रुग्णालयात नेण्यात आले.

तिथल्या डॉक्टरबाईंनी त्यांच्या बोटाला चिमट्यासारखे यंत्र लावले. ९७. दुसऱ्या हाताच्या बोटाला लावले. पुन्हा ९७. मग त्यांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले आणि पट्ट्याखाली आपली दोन बोटे सहज सरकवून दाखवली. "आजोबा, कुठल्या कुशीवर झोपला होतात?" मामा डाव्या कुशीवर झोपले होते, डावा हात अंगाखाली होता आणि वर पंखा चालू होता. पहाटे घरी येताना टॅक्सीत ते एवढेच म्हणाले, "साच्यावर कापड खराब निघालं तर आम्ही पहिल्यांदा साचा बघायचो. तुम्ही कापडच घेऊन धावलात."

मला हे सगळे सकाळी फोनवर समजले. रविवारी मी लालबागला गेलो, आणि मामांच्या नातवाला घेऊन एक शंभरपानी वही उघडली.

८६ हाच आकडा का?

घड्याळ चुकले एवढे म्हणून भागत नाही. चुकायचेच होते तर ४० का दाखवले नाही, किंवा ११० का नाही? या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यासाठी हे यंत्र काम कसे करते ते पाहू या.

रक्तातला प्राणवायू वाहून नेण्याचे काम हिमोग्लोबिन करते. प्राणवायू घेतलेले हिमोग्लोबिन लालभडक असते, तर प्राणवायू देऊन टाकलेले काळपट. म्हणजे रक्ताच्या रंगातच प्राणवायूची खबर असते. यंत्रात दोन छोटे दिवे असतात. एकाचा प्रकाश तांबडा, तरंगलांबी सुमारे ६६० नॅनोमीटर. दुसऱ्याचा अवरक्त, सुमारे ९४० नॅनोमीटर, जो डोळ्यांना दिसत नाही. प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश बराचसा जाऊ देते आणि अवरक्त जास्त शोषते. रिकाम्या हिमोग्लोबिनचे याच्या उलट असते.

पण प्रकाशाच्या वाटेत रक्ताखेरीज कातडी, नख, हाड, स्नायू आणि नीलांमधले अशुद्ध रक्तही येते. त्या गर्दीतून नेमके धमनीतले रक्त कसे निवडायचे? ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी या अभियंत्याने १९७४ साली मांडली. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला धमनी किंचित फुगते आणि ओसरते. तेव्हा परत येणाऱ्या प्रकाशाचा जो भाग ठोक्याबरोबर कमीजास्त होतो, तोच तेवढा धमनीचा. जो स्थिर राहतो तो बाकी सगळ्यांचा. स्थिर भागाच्या मानाने हलणारा भाग किती, हे तांबड्यासाठी काढायचे, तसेच अवरक्तासाठी काढायचे, आणि त्या दोहोंचे गुणोत्तर घ्यायचे. माझ्या मते विसाव्या शतकातील अतिशय सुंदर कल्पनांपैकी ही एक आहे.

यानंतरची पायरी मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. यंत्र गुणोत्तर मोजते. टक्केवारी ते मोजत नाही. टक्केवारी कोष्टकातून काढतात. निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम कमी प्राणवायूची हवा श्वासात देऊन, त्याच वेळी त्यांच्या धमनीतले रक्त तपासून, अमुक गुणोत्तर म्हणजे तमुक टक्के असे कोष्टक आधी तयार केलेले असते. स्वयंसेवकांच्या जिवाला अपाय होऊ नये म्हणून साधारण ७० टक्क्यांच्या खाली जात नाहीत. म्हणून त्याखालचे आकडे केवळ पुढे ओढलेल्या रेषेवरचे असतात. या कोष्टकात गुणोत्तर ०.५ च्या आसपास असले की ९७-९८ टक्के येतात, आणि गुणोत्तर १ झाले की सुमारे ८५.

आता मामांचा हात डोळ्यांसमोर आणा. बोटाच्या चिमट्यात प्रकाश आरपार जातो. मनगटावर तो कातडीत शिरून परत फिरलेला असतो, आणि त्यात ठोक्याबरोबर हलणारा भाग एकूण प्रकाशाच्या जेमतेम एक-दोन टक्के, कधी त्याहूनही कमी असतो. थंडीने धमन्या आकसल्या, अंगाखाली हात दाबला गेला, म्हणजे तो भाग आणखी घटला. पट्टा सैल, म्हणून घड्याळ श्वासागणिक हलत होते. त्या हलण्याने तांबडा आणि अवरक्त असे दोन्ही प्रकाश सारख्याच प्रमाणात कमीजास्त होत राहिले. दोन्ही सारखेच हलले तर गुणोत्तर किती येईल? १ च्या जवळपास. आणि १ समोर कोष्टकात काय लिहिले आहे? सुमारे ८५!

म्हणजे ८६ हा आकडा मामांच्या रक्ताचा नव्हताच. "मला काही नीट दिसत नाही," हेच घड्याळाला म्हणायचे होते. पण तसे म्हणण्याची सोय त्याच्यात केलेली नव्हती, म्हणून त्याने आकडा दाखवला.

हे वाचून कोणी घरातला ऑक्सिमीटर फेकून देऊ नये. बोटाचे चांगले यंत्र दोन-तीन टक्क्यांच्या फरकाने बरोबर असते आणि त्याने असंख्य जीव वाचवले आहेत. मात्र याच्या उलट जातीची चूकही होते, आणि ती जास्त धोक्याची. २०२० साली अमेरिकेतील मिशिगन येथील डॉक्टरांना असे आढळून आले की रक्तातला प्राणवायू खरोखर घटलेला असूनही यंत्राने तो ठीक दाखवला, असे कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडले होते. नखावरचा गडद रंग, गार बोटे यांनीही फरक पडतो. मेंदीचाही पडू शकतो. म्हणून आकड्याबरोबर माणसाकडे पाहावे लागते. धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, तर आकडा ९८ असला तरी डॉक्टरांकडे जायचे.

आम्ही मामांच्या बोटाला उसना आणलेला चिमटा आणि मनगटाला घड्याळ लावून दहा दहा वेळा आकडे घेतले. बोटाचे आकडे ९६ ते ९८ मध्ये राहिले. घड्याळाचे पट्टा आवळून, हात टेबलावर स्थिर ठेवून ९५ ते ९८ आले. पट्टा सैल केल्यावर ८८ ते ९७ असे कुठेही पडू लागले. वहीच्या पहिल्या पानावर नातवाने चार रकाने आखले : यंत्र, दिसलेला आकडा, खरा आकडा, फरक.

आरतीच्या टाळ्या

पुढच्या रविवारी पावलांची पाळी होती. मी आणि तो भारतमाता सिनेमापासून चिवडा गल्लीपर्यंत पावले तोंडाने मोजत गेलो. पाचशे पावलांना घड्याळाने ४८९ मोजली. मला वाटले, फारच छान. परत येताना मामांनी सांगितलेला चिवडा, फरसाण आणि मसाल्याचे सामान दोन्ही हातांत होते. हात हलत नव्हते. या वेळी पाचशेला ३१२.

घड्याळात पाय नसतातच, तेव्हा ते पावले मोजते म्हणजे नक्की काय करते? त्यात त्वरणमापक नावाचा संवेदक असतो. सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला तितकाच सूक्ष्म तुकडा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या. हाताला झटका बसला की तुकडा मागे राहतो, पट्ट्यांमधले अंतर बदलते आणि त्यांची विद्युतधारिता बदलते. न्यूटनचा पहिला नियमच तो! सेकंदाला साधारण दोनदा असा ठरावीक लयीचा झटका आला की यंत्र म्हणते, पाऊल पडले.

याची मजा माघी गणपतीत आली. आमच्या चाळीत आरतीला मी ते घड्याळ घालून उभा राहिलो. जागचा हललो नाही, फक्त टाळ्या वाजवल्या. तीन आरत्या आणि मंत्रपुष्पांजली संपेपर्यंत घड्याळाने माझी सहाशेच्या वर पावले मोजली होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सर, देवाच्या दारी केलेलं वाया जात नाही." वहीत 'खरा आकडा' या रकान्यात शून्य लिहावे लागले.

पावले चुकली तर कुणाचे काही बिघडत नाही. रोज तेच घड्याळ, तसेच चालणे असेल तर कालच्यापेक्षा आज कमी की जास्त, एवढे ते नीट सांगते. आवाजाचे तसे नाही. त्याच विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोलताशे चालू असताना नातवाने मोबाईलवरच्या फुकटच्या डेसिबलमापकाने आवाज मोजला आणि म्हणाला, "काका, तक्रार करू या का?" मी म्हटले, आधी माझ्याही मोबाईलवर बघू. त्याच ठिकाणी, त्याच क्षणी, तेच ॲप. दोन मोबाईलांत सात डेसिबलचा फरक!

सात म्हणजे थोडा, असे वाटेल. पण डेसिबलचे मोजमाप लॉगॅरिथमवर आधारलेले आहे. ३ डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता दुप्पट, १० वाढले म्हणजे दसपट, आणि ७ म्हणजे पाचपट. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, तर शांतता क्षेत्रात ५० व ४०. रुग्णालये, शाळा-महाविद्यालये आणि न्यायालये यांच्याभोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र धरण्याची तरतूद आहे. परळ-लालबागला रुग्णालये किती आहेत हे सांगायला नको. राहती वस्ती आणि शांतता क्षेत्र यांच्या मर्यादांत पाचाचाच फरक, आणि आमचे दोन मोबाईल आपसांतच सातने भांडत होते.

आम्ही एक चाचणी घेतली. मिरवणूक थांबली असताना ढोलांपासून वीस पावलांवर उभे राहून आकडा घेतला, मग पाच पावलांवर जाऊन घेतला. अंतर एक चतुर्थांश झाले की मोकळ्या जागेत तीव्रता सोळापट व्हायला हवी, म्हणजे १२ डेसिबल वाढायला हवे. रस्त्यावर भिंतींचे पडसाद असतात, ढोलही एकच नसतो, तेव्हा नऊ-दहा वाढले तरी मी मान्य केले असते. माझ्या मोबाईलमध्ये तीन वाढले. कारण उघड आहे. मोबाईलचा मायक्रोफोन बोलण्यासाठी बनवलेला असतो. मोठा आवाज आला की आतील मंडल आपोआप त्याला दाबते, नाहीतर पलीकडच्याचे कान फुटतील. जी गोष्ट संभाषणासाठी गुण आहे तीच मोजमापासाठी दोष ठरते. तक्रार केली नाही असे मात्र नाही. आकडा न लिहिता केली. तक्रारीला आकड्याची गरज नसते, मोजणे हे संबंधित अधिकाऱ्यांचे काम आहे आणि त्यांच्याकडचे यंत्र प्रमाणित असते. आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही एक ध्वनिमापक आहे. मोठ्या उत्साहाने मी तो काढायला गेलो, तर त्यावरच्या प्रमाणपत्राची मुदत केव्हाच संपलेली! असो.

निळे वर्तुळ आणि झेंडूची पाकळी

या वहीत सगळे नापासच आहेत, असा समज होऊ नये. दोन गोष्टींनी आम्हाला फार समाधान दिले.

पहिली म्हणजे मोबाईलवरचा नकाशा. आमची चाळ ठाकूरद्वारजवळ आहे. चाळीच्या बोळात उभे राहून नकाशा उघडला तर मी कधी रस्त्याच्या पलीकडे, कधी शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर असल्याचे दिसते. मोबाईलला आपला ठाव उपग्रहांवरून लागतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून निघालेला संदेश सेकंदाच्या साधारण पंधराव्या भागात खाली पोहोचतो. निदान चार उपग्रहांच्या संदेशांना लागलेल्या वेळावरून मोबाईल अंतरे काढतो आणि त्यांवरून आपली जागा. यात एक नॅनोसेकंद चुकला की अंतर ३० सेंटिमीटरने चुकते. उपग्रहावरील आणवीय घड्याळे आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादामुळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ही दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात ११ किलोमीटरचा घोळ होईल, म्हणजे गिरगावचा माणूस माहीमच्या पुढे जाईल. (वर्गात हे सांगितले की मागच्या बाकावरची मुलेसुद्धा मान वर करतात.) ही सगळी दुरुस्ती होऊनही बोळात चूक का होते? कारण संदेश सरळ न येता समोरच्या उंच इमारतीवर आपटून येतो. वाट लांबली, वेळ वाढला, अंतर चुकले. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेल्या गिरगावच्या भुयारी मेट्रो स्थानकात उतरलात, तर उपग्रहाचा संदेश मुळीच पोहोचत नाही.

पण नकाशावर तुमच्या ठिपक्याभोवती एक फिकट निळे वर्तुळ असते, ते कधी पाहिले आहे का? "तुम्ही या वर्तुळात कुठेतरी आहात," असे नकाशा त्यातून सांगत असतो. गिरगाव चौपाटीच्या वाळूवर आकाश मोकळे असते तेव्हा ते ठिपक्याएवढे लहान होते, बोळात मोठे होते. मामांच्या घड्याळाला अशा वर्तुळाची सोय असती, "८६, पण माझा भरवसा धरू नका" असे ते म्हणाले असते, तर टॅक्सी बोलवावी लागली नसती.

दुसरी गोष्ट दादरच्या फूलबाजारातली. पहाटे तिथे गेलात तर प्रत्येक विक्रेत्यासमोर पैसे देण्यासाठीचा चौकटी-चौकटींचा क्यूआर कोड दिसेल. २०१६ साली यूपीआय सुरू झाल्यापासून तो आपल्या इतक्या सवयीचा झाला आहे की त्याच्याकडे कोणी बघतही नाही. एका फूलवाल्या मावशींच्या कोडावर पाणी उडालेले होते, कोपरा फाटलेला होता आणि मधोमध झेंडूची एक पाकळी चिकटलेली होती. मी पाकळी काढणार, तोच मावशी म्हणाल्या, "राहू द्या हो, तसाच घेतो तो." आणि खरेच घेतला.

हा कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांवर खूण करण्यासाठी तयार केला. कारखान्यात तेल आणि मळ लागणारच, म्हणून त्यात माहितीबरोबर जादा चौकटी अशा गणिताने भरल्या की काही चौकटी पुसल्या तरी उरलेल्यांवरून त्या परत काढता याव्यात. हे गणित रीड आणि सॉलोमन या दोघांनी १९६० साली मांडले होते. गाण्यांच्या सीडीवर ओरखडा पडला तरी गाणे चालत राही, तेही याच गणिताच्या जोरावर. क्यूआर कोडाच्या सर्वांत भक्कम प्रकारात साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर पुरा मिळतो. कल्पना अशी : समजा मी तुम्हाला ७ आणि ५ हे दोन आकडे आणि त्यांची बेरीज १२ असे तिन्ही लिहून दिले. त्यातला कोणताही एक पुसला तर उरलेल्या दोघांवरून तो काढता येईल. दोन पुसले तर मात्र काढता येणार नाही, आणि येणार नाही हे तुम्हाला कळेलही.

हा प्रयोग घरी जरूर करून पाहा. एखाद्या जुन्या पुस्तकावरचा वा पुड्यावरचा क्यूआर कोड घ्या आणि त्यावर काळ्या कागदाचे तुकडे एकेक करून ठेवत जा. मधल्या भागावर ठेवा आणि किती झाकेपर्यंत तो वाचता येतो ते वहीत लिहा. मग सगळे तुकडे काढून कोपऱ्यातल्या तीन मोठ्या चौकोनांपैकी एकच झाका. बहुधा मोबाईल लगेच हात टेकेल, कारण कोड कुठे आणि कसा ठेवला आहे हे तो त्या चौकोनांवरून ओळखतो. प्रयोगात एक गोष्ट ध्यानात येईल. कोड एक तर बरोबर वाचला जातो, नाहीतर वाचलाच जात नाही. अर्धवट दिसले म्हणून मावशींच्या जागी भलत्याचेच खाते त्याने सुचवले, असे आम्हाला एकदाही आढळले नाही. (कोणी लबाडाने वर आपलाच कोड चिकटवला तर मात्र गणित काय करणार? म्हणून पडद्यावरचे नाव वाचायचे.)

त्या दिवशी दादरहून परत येताना नातवाने वहीत पाचवा रकाना आखला : 'शंका दाखवते का?' नकाशासमोर 'होय', कोडासमोर 'होय', घड्याळासमोर 'नाही'.

उरला तो उत्तरे लिहून देणारा सहायक. त्याच्यासमोर काय लिहायचे यावर आमचा वाद झाला. हा कार्यक्रम प्रचंड मजकुरावरून शब्दामागून कोणता शब्द यावा हे शिकलेला असतो. त्यामुळे त्याची भाषा नेहमीच खात्रीची वाटते, आशय खात्रीचा असो वा नसो. पण त्या रात्री तो चुकला होता का? ८६ असेल तर डॉक्टरकडे जा, हे उत्तर अगदी बरोबर होते. त्याला घड्याळ दिसत नव्हते, सैल पट्टा दिसत नव्हता, आजोबा निवांत बसले आहेत हेही दिसत नव्हते. आम्ही तोच प्रश्न पुन्हा विचारला, फक्त या वेळी सगळे सांगून : मनगटी घड्याळ, पट्टा सैल, हात अंगाखाली, धाप नाही. उत्तर पालटले. हात गरम करा, पट्टा आवळा, बोटाच्या यंत्राने पुन्हा मोजा, आणि त्रास वाटला तर थांबू नका, असे त्याने सांगितले. शेवटी नातवाने लिहिले : 'विचारल्यास.'

हे सगळे चालू असताना मामांच्या चाळीतल्या एका आजींनी आम्हाला हाक मारली. त्यांना बरीच वर्षे मधुमेह आहे, इन्सुलिन घेतात. त्यांच्या जावयाने रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून एक स्वस्त घड्याळ आणले होते. ते सुई न टोचता रक्तातली साखर मोजते, असे त्याला सांगण्यात आले होते. आजींनी दोन दिवस बोटाला सुई टोचलीच नव्हती, आणि घड्याळातला आकडा पाहून इन्सुलिन घ्यायचे की नाही ते ठरवीत होत्या. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. कातडीत काहीही न टोचता मनगटावरून साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२४ च्या फेब्रुवारीत दिला होता. प्राणवायूने रक्ताचा रंग बदलतो तसा साखरेने बदलत नाही. ते हे काम अतिशय अवघड करते.

पण हे सगळे आजींना सांगून पटेना. आकडा रोज वेगळा येतो, म्हणजे यंत्र चालू आहे, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा नातवाने एक जाड टॉवेल घेतला, त्याची मनगटाएवढी घट्ट गुंडाळी केली, आणि आजींच्या देखत ते घड्याळ तिला बांधले. मिनिटभर हिरवा दिवा लुकलुकला. मग पडद्यावर आकडे आले. आजींनी चष्मा लावून ते स्वतः वाचले, घड्याळ सोडले, आणि कपाटातून सुईचे यंत्र काढून बोट पुढे केले. तिकडे आकडा बराच वर होता. त्या दुपारीच त्या डॉक्टरांकडे गेल्या.

टॉवेलाचे आकडे वहीत आहेत. नाडी ७४, साखर ११२.